वडिलांच्या खुनाचा तपास, वडिलांनाच सोबत घेऊन: बॅटमॅन, १९५६

शाईचा_डाग

बॅटमॅनच्या आईवडिलांचा खून झाला, हे बॅटमॅन कधीच न वाचलेल्या माणसालाही माहीत असतं. सिनेमा बघून परतणारं कुटुंब, अंधारी गल्ली, पिस्तूल रोखलेला माणूस. पण कॉमिक्समध्ये त्या खुनाचा छडा एकदा नाही, दोनदा लागलाय. आणि दुसऱ्या वेळी निम्मा तपास खून झालेल्या बापानेच करून ठेवला होता. ही गोष्ट कुणी सांगताना दिसत नाही. मला ती बॅटमॅनच्या सगळ्या गोष्टींमध्ये फार मोलाची वाटते, म्हणून हा धागा काढतेय.

आधी थोडा मागचा हिशोब. बॅटमॅन आला मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. आईवडिलांच्या खुनाची हकिगत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ३३व्या अंकात, अवघ्या दोन पानांत सांगून टाकली. मारेकऱ्याला तेव्हा नावही नव्हतं. ते मिळालं १९४८ साली, 'बॅटमॅन'च्या ४७व्या अंकात: ज्यो चिल. बॅटमॅन त्याच्यापुढे मुखवटा काढून उभा राहतो आणि मी कोण ते ओळख म्हणतो. चिल घाबरून आपल्याच टोळीकडे पळतो आणि सांगून बसतो की बॅटमॅन माझ्यामुळे तयार झालाय. ज्या बॅटमॅनने आपल्याला आयुष्यभर छळलं तो या माणसाची देणगी आहे म्हटल्यावर टोळीवालेच त्याला गोळ्या घालतात. प्रकरण बंद.

आठ वर्षांनी, सप्टेंबर १९५६च्या २३५व्या अंकात, त्याच लेखकाने म्हणजे बिल फिंगरने ते पुन्हा उघडलं.

ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनला, वडिलांच्या जुन्या सामानात एक पोशाख सापडतो. वटवाघळाचा. सोबत वडिलांची रोजनिशी. डॉक्टर थॉमस वेन एका फॅन्सी ड्रेस पार्टीला हा पोशाख घालून गेले होते. पार्टीत बंदूकधारी गुंड शिरले, कारण त्यांना डॉक्टर हवा होता. त्यांचा म्होरक्या लू मॉक्सन याला गोळी लागली होती. थॉमसना उचलून नेलं, गोळी काढायला लावली. त्यांनी गोळी काढली, आणि मग त्याच पोशाखात गुंडांना लोळवून पोलिसांच्या हवाली केलं. कोर्टात साक्षही दिली. मॉक्सनला दहा वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने थॉमसना गाठून धमकी दिली की सूड घेणार, पण माझे हात त्यात दिसणार नाहीत.

हे सगळं बापाच्या हस्ताक्षरात. मुलगा ते वाचतो आणि आपल्याला तोंडपाठ असलेली ती रात्र पहिल्यांदा वेगळ्या नजरेने बघतो. चिलने दोघांना मारलं, मग साक्षीदार असलेल्या पोराला का सोडलं? आजवर वाटत होतं की तो घाबरला असेल. आता कळतं की पोराला मुद्दाम जिवंत ठेवलं होतं. 'लुटारू आला आणि त्याने मारलं' असं पोलिसांना सांगायला कुणीतरी हवं होतं ना! म्हणजे ती सुपारी होती, आणि ब्रूस वेन इतकी वर्षं मॉक्सनच्या बाजूने नकळत खोटी साक्ष देत होता.

मला इथे अक्षरशः थांबावं लागलं. ज्या आठवणीवर या माणसाचं अख्खं आयुष्य उभं आहे ती आठवणच गुन्हेगाराने पेरलेली निघते. आणि ती दुरुस्त कोण करतं, तर मेलेला बाप.

पुढचं थोडक्यात. बॅटमॅन मॉक्सनला शोधून काढतो. मॉक्सन म्हणतो, मी वेन नावाच्या कुणाला ओळखत नाही. लाय डिटेक्टर लावतात, मॉक्सन खरं बोलतोय असं यंत्र सांगतं, कारण मधल्या काळात अपघातात त्याची स्मृती गेलेली असते. हाणामारीत बॅटमॅनचा पोशाख फाटतो, म्हणून तो वडिलांचा पोशाख चढवून जातो. तो पोशाख बघितल्यावर मॉक्सनला सगळं आठवतं. थॉमस वेनचं भूत आलं समजून तो किंचाळत रस्त्यावर धावतो आणि ट्रकखाली सापडतो.

डायरी बापाची, तर्क मुलाचा. पोशाख बापाचा, तो घालून उभा राहणारा मुलगा. 'बाप-लेकाने मिळून खुनाचा छडा लावला' हे वाक्य मला तरी या गोष्टीइतकं दुसरीकडे कुठे लागू पडताना दिसलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. यातलं काहीच माहीत नव्हतं.

पिंपळपान

छान लिहिलंयस. डायरीचा भाग सुरेख आहे, पण ट्रक? ज्याने आपल्या आईबापांची सुपारी दिली त्याला पकडायच्या ऐन क्षणी कुठून तरी ट्रक येतो, हे मला पळवाट काढल्यासारखं वाटतं. १९४८च्या अंकातही तेच, चिलला टोळीने मारलं. दोन्ही वेळा लेखकाने बॅटमॅनला निर्णय घ्यायच्या आधीच सोडवून टाकलंय.

रात्रपाळी

पिंपळपान, त्याला काळाचं कारण आहे. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्स कोड आला. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, गुन्ह्याबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, रक्तपात दाखवायचा नाही, असे बरेच नियम होते. आणि कोडच्या कितीतरी आधीपासून बॅटमॅन जीव घेत नाही हे संपादकांनी ठरवून टाकलं होतं. नायकाने मारायचं नाही आणि खुन्याने वाचायचं नाही, या दोन भिंतींमधून निघायला लेखकाला ट्रकच उरतो.

१९३९चा पहिला बॅटमॅन तसा नव्हता. २७व्या अंकातली ती सहा पानी गोष्ट काढून बघा. तीही बाप-लेकाचीच आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. लॅम्बर्ट नावाच्या रसायनसम्राटाचा सुरा खुपसून खून झालेला, सुऱ्यावर मुलाच्या बोटांचे ठसे. संशय अर्थातच मुलावर. मुलगा सांगतो की मी आलो तेव्हा वडील पडले होते, मी सुरा काढायला गेलो, आणि मरताना ते 'करार' एवढंच बोलले. त्या एका शब्दावरून पुढे भागीदार, त्यांच्यातला करार आणि खरा सूत्रधार स्ट्रायकर असा माग निघतो. शेवटी बॅटमॅन स्ट्रायकरला ठोसा मारतो, तो ॲसिडच्या टाकीत पडतो, आणि बॅटमॅनला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

बघा, बॅटमॅनच्या अगदी पहिल्या गोष्टीतही मरणारा बाप मुलाच्या हाती एक धागा देऊन जातो आणि तोच मुलाला फासावरून वाचवतो. तीही फिंगरनेच लिहिली. माझ्या मते १९५६ची कल्पना त्याच्या मनात तेव्हापासूनच रुजली असणार.

काळा_कोट

वकिलाच्या नजरेने लाय डिटेक्टरचा प्रसंग मला सगळ्यात आवडला. यंत्र खोटं बोलत नाही, मॉक्सनही खोटं बोलत नाही, तरीही सत्य बाहेर येत नाही. असं यंत्र फार तर एवढंच सांगू शकतं की समोरच्याला स्वतःला काय खरं वाटतंय. १९५६ सालच्या पोरांच्या मासिकात ही मर्यादा इतकी नेमकी दाखवलीय याचं मला फार कौतुक आहे.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन कोर्टाने असा पुरावा नाकारला तो १९२३ साली, फ्राय खटल्यात. आरोपीची रक्तदाबावरून खोटं पकडायची चाचणी ज्याने घेतली होती, तो मानसशास्त्रज्ञ म्हणजे विल्यम मोल्टन मार्स्टन. याच मार्स्टनने पुढे १९४१ साली वंडर वुमन निर्माण केली! तिच्या त्या दोरखंडात सापडलेल्याला खरंच बोलावं लागतं, ते तुम्हाला आठवत असेल. एका बाजूला सत्य हमखास काढून देणारा दोर, आणि दुसऱ्या बाजूला बॅटमॅनच्या पानावर हरलेलं यंत्र.

रोजनिशीबद्दल: मेलेल्या माणसाने लिहून ठेवलेली धमकीची नोंद पुरावा म्हणून टिकेल का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. पण नुसत्या तिच्यावर सुपारीचा आरोप सिद्ध होणं कठीण. चिल मेलेला, मॉक्सनला आठवत नाही. कोर्टात ही केस उभी राहिली नसती. मॉक्सनची आठवण जागी करणं हा एकच मार्ग होता, आणि ते काम त्या पोशाखाशिवाय झालं नसतं.

गोदाकाठ

पोशाखाचा विषय निघाला म्हणून लिहितो. इंद्रजाल कॉमिक्स वाचत वाढलेल्यांना हे लगेच जवळचं वाटेल. वेताळ, म्हणजे फँटम, ज्याचं नाव आणि काम बापाकडून मुलाकडे जातं!

इंद्रजाल मार्च १९६४ला सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियाचं प्रकाशन, मराठीतही निघायचं. पहिला अंकच वेताळाच्या पट्ट्याचा होता. वेताळाच्या वडिलांचा म्हणजे विसाव्या वेताळाचा खून झालाय, मारेकऱ्याने त्यांचा पट्टा पळवलाय, आणि एकविसावा वेताळ त्या मारेकऱ्याला गाठतो. भारतात सुपरहिरो कॉमिक्सची ही मालिका सुरू झाली तीच मुळी बापाच्या खुनाच्या शोधाने.

पण त्याहून जुनी गोष्ट म्हणजे पहिल्या वेताळाची. १५३६ साल, चाच्यांचा जहाजावर हल्ला, बाप मारला जातो, मुलगा वाहत किनाऱ्याला लागतो. काही दिवसांनी किनाऱ्यावर एका चाच्याचं प्रेत दिसतं आणि त्या प्रेताच्या अंगावर बापाचे कपडे असतात. मारेकरी ओळखू आला तो कपड्यांवरून. त्याच्याच कवटीवर हात ठेवून मुलगा शपथ घेतो की मी आणि माझ्यामागून माझी मुलं, नातवंडं, चाचेगिरी आणि क्रौर्याशी लढत राहू.

आता शाईचा_डाग यांची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. वेताळाकडे बापाची वस्तू मारेकऱ्याच्या अंगावर असते आणि तीच त्याला पकडून देते. बॅटमॅनकडे बापाची वस्तू मुलाच्या अंगावर असते आणि ती बघून मारेकरी स्वतःच फुटतो. ली फॉकने वेताळ १९३६ साली आणला, म्हणजे बॅटमॅनच्या तीन वर्षं आधी. फिंगरने कुणाचं उचललं असं मला म्हणायचं नाही. बापाचं अंगावरचं काहीतरी मुलाने ओळखावं, ही कल्पनाच इतकी भिडणारी आहे की दोघांनाही ती सुचली.

चौकट

धागा चांगला चाललाय, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. बॅटमॅनच्या आईवडिलांचा खुनी सापडूच नये.

मॉक्सनची गोष्ट कारागिरी म्हणून उत्तम असेल, पण तिने खुनाचा अर्थच बदलतो. आधी काय होतं? कुणीतरी फाटका माणूस, कसलंही वैर नाही, गळ्यातल्या माळेसाठी दोन जीव घेतो. शहरात असं कुणाच्याही बाबतीत घडू शकतं आणि म्हणूनच बॅटमॅन रोज रात्री बाहेर पडतो. मॉक्सन आला की ते वैयक्तिक वैर होतं. वैर फिटलं की घरी बसायला हरकत नाही!

बॅटमॅन छापणाऱ्या डीसीला हे एकदा पटलंही होतं. १९९४च्या 'झिरो अवर' या मालिकेनंतर असं ठरवलं की बॅटमॅनला खुनी कधी सापडलाच नाही. चिल पुसून टाकला. मला तीच बॅटमॅनची खरी अवस्था वाटते. जगातला सगळ्यात मोठा गुप्तहेर, आणि स्वतःच्या घरातली केस उघडी. २००५-०६च्या 'इन्फिनिट क्रायसिस'मध्ये चिलला परत आणला तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. १९८९च्या चित्रपटात तर जोकरच खुनी दाखवला, तिथे नायक आणि खलनायकाने एकमेकांना घडवण्याची जोडी जुळली पण शहर हरवलं.

शाईचा_डाग

चौकट, तुमचा मुद्दा मला कळतो आणि तो हलका नाही. पण १९५६च्या गोष्टीत वैर कशातून आलं ते बघा. थॉमस वेनने एका जखमी गुंडावर उपचार केले, कारण तो डॉक्टर होता. मग त्याच गुंडाविरुद्ध साक्ष दिली, कारण तो नागरिक होता. अशी साक्ष देणारे लोक खरोखर मारले जातात. श्रीमंतीसाठी मेलेला बाप आणि साक्ष दिली म्हणून मेलेला बाप यांत मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या गोष्टीत बाप नुसता बळी आहे. दुसऱ्या गोष्टीत तो माणूस म्हणून उभा राहतो, त्याला स्वतःचं धैर्य असतं. नाहीतर थॉमस वेन म्हणजे भिंतीवरची तसबीर, तिचा उपयोग मुलाने बघून दुःखी व्हायला.

आणि मॉक्सन मेल्यावर पुढच्या महिन्यात बॅटमॅन घरी बसला नाही. सूड संपला तरी काम संपत नाही, हे त्या गोष्टीने उलट जास्त स्पष्ट केलं.

पोशाखाबद्दल गोदाकाठ यांनी जे लिहिलं त्यात एक तिसरा माणूस मिळवते. २००८च्या 'बॅटमॅन आर.आय.पी.'मध्ये ग्रँट मॉरिसनने डॉक्टर हर्ट नावाचा खलनायक आणला. तो थॉमस वेनचा तोच पोशाख घालतो आणि मीच तुझा बाप असं सांगतो. मारेकऱ्याच्या अंगावर, मुलाच्या अंगावर, आणि आता तोतयाच्या अंगावर. १९८०च्या 'अनटोल्ड लेजंड'ची सुरुवातच अशी आहे की बॅटमॅनला टपालाने एक पार्सल येतं आणि आत वडिलांच्या पोशाखाच्या चिंध्या असतात. ५० वर्षं लेखक त्या कपड्याकडे वळत राहिले ते उगाच नाही.

चौकट

साक्षीदाराचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी मी माझ्या मतावर ठाम आहे.

वायव्य

सगळे मेलेल्या बापाबद्दल बोलताहेत, मी जिवंत बापाकडे येतो. ब्रूस वेन स्वतः बाप झाल्यावर काय?

डेमियन हा त्याचा आणि त्याच्या शत्रूची मुलगी तालिया हिचा मुलगा. २००६च्या 'बॅटमॅन अँड सन'पासून मालिकेत ठाण मांडून बसला. मारेकऱ्यांच्या टोळीत वाढलेला दहा वर्षांचा पोरगा, बापाला भेटल्यावर थोड्याच वेळात एका गुन्हेगाराचं मुंडकं उडवून मोकळा होतो, आणि आपण चांगलं काम केलं असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. बाप जीव न घेण्याच्या व्रतावर जगणारा. यांना एकत्र तपासाला पाठवलं की काय होईल?

ते पीटर टोमासी आणि पॅट्रिक ग्लीसनने २०११च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये दाखवलंय. पहिल्याच अंकात मॉस्कोतला एक बॅटमॅन मारला जातो (तेव्हा ब्रूसने वेगवेगळ्या देशांत आपले प्रतिनिधी नेमले होते). मारेकरी नोबडी, म्हणजे मॉर्गन डुकार्ड. ब्रूसला तरुणपणी माणसं शोधायची विद्या ज्याने शिकवली त्या हेन्री डुकार्डचा हा मुलगा. इथे खुनी कोण हे लवकर कळतं. खरा प्रश्न दोन बाप आणि दोन मुलांचा आहे. हेन्रीने मुलाला मारायला शिकवलं. ब्रूस मुलाला न मारायला शिकवतोय, आणि मुलगा दोन्ही शिकवण्यांच्या मध्ये उभा आहे.

सातव्या अंकात ब्रूस नोबडीला हरवून जिवंत सोडतो. नोबडी म्हणतो, मी परत येईन. डेमियन ते ऐकतो आणि बापाच्या डोळ्यांदेखत दोन बोटं त्याच्या कपाळात घुसवतो. पिंपळपान, तुम्ही ट्रकबद्दल तक्रार केली होती ना? इथे ट्रक नाही. निर्णय घेतला जातो, तो चुकीचा असतो, आणि तो घेणारा लहान मुलगा असतो. पुढे काय, तर बाप त्याला टाकत नाही. आठव्या अंकात त्याचं ते न टाकणं मला कुठल्याही मारामारीपेक्षा थरारक वाटलं.

याच मालिकेचा १८वा अंक. डेमियन नुकताच मेलाय ('बॅटमॅन इन्कॉर्पोरेटेड'च्या आठव्या अंकात, २०१३). पूर्ण अंकात संवाद नाही. ब्रूस रात्री गस्तीला जातो, गुंडांना बेदम मारतो, आणि शेजारी रॉबिन, म्हणजे त्याचा जोडीदार झालेला डेमियन, असल्यासारखं त्याला सारखं दिसत राहतं. घरी अर्धवट राहिलेलं कुटुंबाचं चित्र. शब्द येतात ते फक्त मुलाने बापासाठी लिहून ठेवलेल्या पत्रात: आईने जन्म दिला, पण जगायला तुम्ही शिकवलंत, अशा अर्थाचे. वर डायरी बापाने मुलासाठी ठेवली होती. इथे कागद उलट्या दिशेने आलाय.

काळा_कोट

वायव्य, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोडीचा आहे.

गोदाकाठ

बहादूरचं नाव अजून कुणीच घेतलं नाही! आबिद सुरतींचा नायक, इंद्रजालमध्ये १९७६ला आला. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेला. मुलगा ज्याचा सूड घ्यायला निघतो तो पोलीस अधिकारीच त्याला मुलासारखं वाढवतो. बापाला कुणी मारलं हे पहिल्यापासून माहीत, आणि तरीही त्याच माणसाला वडील मानायचं. वेताळ आणि बॅटमॅन दोघांनाही हा पेच सोडवावा लागला नाही.

रात्रपाळी

+१. आणि कागदावरून कागद आठवला. २०११च्या 'फ्लॅशपॉइंट'मध्ये वेगळ्या जगात मुलगा मेलाय आणि थॉमस वेन बॅटमॅन झालाय. शेवटी फ्लॅश नावाचा दुसरा सुपरहिरो त्याचं पत्र आपल्या जगातल्या ब्रूसला आणून देतो आणि ब्रूस रडतो. २०१७च्या 'द बटन'मध्ये तर ते दोघं समोरासमोर येतात. ब्रूस वडिलांना सांगतो की तुम्ही आजोबा झालात. वडील सांगतात की बॅटमॅन होणं सोड, तुझ्या मुलाचा बाप हो. आणि तो ऐकत नाही.

जाता जाता: ज्या बिल फिंगरबद्दल आपण इतकं बोलतोय त्याचं नाव बॅटमॅनचा सहनिर्माता म्हणून अधिकृतपणे छापायला २०१५ साल उजाडलं. तो १९७४ साली गेला होता. एवढी वर्षं सगळं श्रेय चित्रकार बॉब केनच्या एकट्याच्या नावावर होतं. हे या धाग्यावर नोंदवलं गेलंच पाहिजे.

पिंपळपान

रात्रपाळी, फिंगरबद्दल सांगितलंत ते बरं केलंत.

वायव्य, सातवा अंक मिळवून वाचणार. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला बॅटमॅनचं वेड आहे, यातलं काय त्याच्या हातात देता येईल?

वायव्य

'बॉर्न टू किल' म्हणजे ते पहिले आठ अंक आत्ता नको. ॲसिड आहे, छळ आहे, आणि डेमियन साधारण त्याच्याच वयाचा असल्यामुळे ते जास्त लागेल. अजून तीनेक वर्षांनी द्या, आणि तेव्हाही आधी तुम्ही वाचा. १८वा अंक मागचे अंक वाचल्याशिवाय देऊ नका, त्यातलं दुःख त्याला कळणार नाही.

शाईचा_डाग

पिंपळपान, १९५६चा अंक मात्र बेलाशक दे. कोडच्या काळातला असल्यामुळे त्यात अंगावर येणारं काही नाही, आणि तर्काची मजा त्या वयाला पुरेपूर कळते. 'द ब्लॅक केसबुक' नावाच्या २००९च्या संग्रहात तो आहे, सोबत त्याच काळातल्या इतर गोष्टीही आहेत. चिलने पोराला का सोडलं असेल, हे त्याला डायरीच्या पानाआधी थांबवून विचार. त्याचं उत्तर काय येतं ते इथे नक्की लिही.